अल्माहाता सित्ता (उल्कापाषाण)

अल्माहाता सित्ता हा सुदानच्या उत्तरेकडील न्यूबियन वाळवंटात सापडलेला दगडी उल्कापाषाण (अशनी) आहे. ७ ऑक्टोबर २००८ रोजी पहाटे पृथ्वीच्या वातावरणात शिरून फुटलेल्या २००८ टीसी३ या लघुग्रहाचे हे अवशेष होत. अवकाशात असतानाच शोध लागलेल्या लघुग्रहाचे तुकडे जमिनीवर मिळण्याची ही पहिलीच घटना होती. त्याची नोंद असामान्य बहुघटकी युरेलाइट अशी आहे. मात्र त्याच्या तुकड्यांत अनेक भिन्न वर्गांचे दगड आढळले आहेत.

नाव

अरबी भाषेत या नावाचा अर्थ ‘स्थानक सहा’ असा होतो. वादी हाल्फा ते खार्टूम या लोहमार्गावरील एका स्थानकावरून ते देण्यात आले.

शोध व संकलन

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात चालणाऱ्या कॅटालिना आकाश सर्वेक्षणाला हा लघुग्रह ६ ऑक्टोबर २००८ रोजी, धडकेच्या सुमारे २० तास आधी दिसला. त्याचा व्यास सुमारे ४ मीटर होता. तो जमिनीपासून सुमारे ३७ किलोमीटर उंचीवर फुटला. डिसेंबर २००८ मध्ये खार्टूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद व सेटी संस्थेचे पीटर जेनिस्केन्स यांच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांनी वाळवंटात रांगेने चालत तुकडे शोधले. या व पुढील मोहिमांत मिळून सुमारे ६०० तुकडे हाती आले. त्यांचे एकूण वजन १० किलोग्रॅमहून थोडे अधिक भरले.

वर्गीकरण

दगडी उल्कापाषाणांचे कॉन्ड्राइट व अकॉन्ड्राइट असे दोन मुख्य गट मानले जातात. कॉन्ड्राइटमध्ये सहसा कॉन्ड्रूल नावाचे गोलसर कण असतात व त्याचे द्रव्य मूळ पिंडात वितळलेले नसते. अकॉन्ड्राइट वितळण्याच्या प्रक्रियेतून गेलेला असतो. युरेलाइट हा अकॉन्ड्राइटचा एक वर्ग असून १८८६ मध्ये रशियातील नोवो-उरेई गावाजवळ पडलेल्या उल्कापाषाणावरून त्याला हे नाव मिळाले. ऑलिव्हीन व पायरोक्सीन ही खनिजे आणि ग्रॅफाइट व सूक्ष्म हिरे या रूपांतील कार्बन ही त्याची ओळख होय.

अल्माहाता सित्ताचे बहुसंख्य तुकडे युरेलाइट आहेत. अनेक तुकडे सच्छिद्र असल्याने तो असामान्य ठरला. पुढे मात्र एन्स्टॅटाइट, साधारण व कार्बनी कॉन्ड्राइटचे तुकडेही ओळखले गेले. वाळवंटात जुने उल्कापाषाण दीर्घकाळ टिकून राहत असल्याने हे दगड पूर्वीच्या एखाद्या पाताचे असावेत, अशी शंका घेता येत होती. काही कॉन्ड्राइट तुकड्यांत अल्पायुषी किरणोत्सारी समस्थानिके आढळली. ती थोड्याच काळात क्षय पावतात. त्यामुळे ते तुकडे नुकतेच पडले असल्याचे स्पष्ट झाले. युरेलाइट व कॉन्ड्राइट द्रव्य एकमेकांना चिकटून असलेल्या नमुन्यांचे वर्णन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे ही दोन्ही द्रव्ये एकाच लघुग्रहात होती, याला प्रत्यक्ष आधार मिळाला.

महत्त्व

धडकेपूर्वी या लघुग्रहाचा वर्णपट दुर्बिणीतून नोंदवला गेला होता. त्यावरून तो एफ वर्गाचा मानला गेला. त्यामुळे दुर्बिणीतून ठरवलेला वर्ग व प्रयोगशाळेत तपासलेला दगड यांची थेट तुलना शक्य झाली. एकच लहान लघुग्रह अनेक पिंडांच्या भग्नावशेषांतून बनलेला असू शकतो, हेही यातून दिसले. म्हणूनच एका तुकड्याच्या तपासणीवरून संपूर्ण लघुग्रहाचा वर्ग ठरवणे अपुरे ठरू शकते.