देसाईगंज पोलीस ठाणे बलात्कार प्रकरण

देसाईगंज पोलीस ठाणे बलात्कार प्रकरण (१९७२) : लैंगिक हिंसेविषयीचा भारतीय कायदा ज्याच्यामुळे बदलू लागला, तो महाराष्ट्रातील खटला. न्यायालयीन नोंदीत त्याचे नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असे आहे. बोलण्यालिहिण्यात मात्र तो पीडित मुलीच्याच नावाने ओळखला जातो. पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरला १९८३ साली, याच प्रकरणातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर. तिला स्वतःला ते संरक्षण मिळाले नाही. या नोंदीत तिचे नाव दिलेले नाही.

देसाईगंज (वडसा) तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. आज ते गडचिरोलीत आहे. मुलगी आदिवासी, आईवडील नसलेली, भावाकडे राहून मजुरी करणारी. डॉक्टरांच्या अंदाजाने वय चौदा ते सोळा. ज्या घरी ती कामाला जाई, त्या घरच्या एका नातलग तरुणाशी तिचे लग्न ठरत होते. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार भावाने दिली आणि २६ मार्च १९७२ च्या रात्री सर्वांना ठाण्यात आणले गेले. जबाब झाले, हवालदार घरी गेला, मंडळी निघाली. तिला तेवढे थांबवून घेतले. दार लागले, दिवे मालवले. एका पोलिसाने तिच्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्याने अत्याचार केला, ही तिची फिर्याद. नातेवाईक बाहेरच उभे होते. जमाव जमला, तेव्हा कुठे फिर्याद नोंदवली गेली.

पुढची सहा वर्षे खटला खरे तर तिच्यावरच चालला. वैद्यकीय तपासणीत ताज्या जखमा नाहीत आणि पूर्वी शरीरसंबंध आलेला आहे, असे नोंदले गेले. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी तिला खोटारडी ठरवून दोघांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी तो निकाल फिरवला आणि एकाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. अनोळखी पोलिसांपुढे भीतीने हतबल होणे म्हणजे संमती नव्हे, हे खंडपीठाने स्वच्छ सांगितले होते. नंतर देशभर जे भांडून मिळवावे लागले, ते नागपूरच्या निकालपत्रात आधीच लिहिलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी ते पुसून टाकले. अंगावर जखम नाही, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे संमती, अशी त्या निकालाची वाट होती. दोघेही पोलीस निर्दोष सुटले.

हा निकाल कायद्याच्या अहवालांत पडून राहिला असता. पण १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती आणि शरणागती यांत फरक नाही का, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा मला अधिक मोलाचा वाटतो : स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावू नये, असे याच न्यायालयाने १९७८ मध्येच नंदिनी सत्पथी खटल्यात बजावले होते, मग गरीब आदिवासी मुलीला रात्री ठाण्यात थांबवून ठेवल्याबद्दल निकालात निषेधाचा एक शब्दही का नसावा? ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत मोर्चे निघाले. मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ स्थापन झाला. स्त्रियांवरील इतर अत्याचारांचे प्रश्नही त्याच्याकडे येऊ लागले, तसे त्याचे नाव ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ झाले. त्या निकालावरील फेरविचार याचिका मात्र फेटाळली गेली.

१९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा झाला. किमान शिक्षा ठरली, सुनावणी बंद दाराआड होऊ लागली. आणि कोठडीतील प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला व स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे पुरावा कायद्याचे कलम ११४-अ आले. पण फिर्यादीचे चारित्र्य उगाळण्याची मुभा देणारे कलम २००३ पर्यंत टिकले. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हे वाक्य कायद्यात यायला २०१३ उजाडले; त्यासाठी दिल्लीतील डिसेंबर २०१२ ची सामूहिक बलात्काराची घटना आणि तिच्यानंतर नेमलेली न्यायमूर्ती वर्मा समिती लागली. पूर्वी शरीरसंबंध आला होता का हे ठरवू पाहणारी, वैद्यकीय तपासणीतील ‘दोन बोटांची चाचणी’ही तशीच चिवट. सेवाग्रामचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये या तपासण्यांतील दोष अहवालातून मांडले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती चाचणी गैर ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा खडसावले, कारण ती चालूच होती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदवले. त्यांतले २,९०४ महाराष्ट्रातले. बहुतेक सर्व गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. हे आकडे ठाण्यापर्यंत पोहोचलेल्या स्त्रियांचे आहेत. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाची मदत मागितली आणि ७७ टक्के कुणाशीही बोलल्या नाहीत, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) दिसते. घरची अब्रू, भावंडांची लग्ने, रोजगार बुडणे, ठाण्यात आणि न्यायालयात आपल्यावरच येणारा संशय : गप्प बसण्यामागची ही कारणे व्यवहारी आहेत, आणि देसाईगंजच्या मुलीचे काय झाले ते पाहता त्यांना भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. किंमत मात्र पीडित स्त्रीच मोजते : शाळा सुटते, घाईने लग्न लावले जाते, झोप आणि आरोग्य ढासळते.

याच सर्वेक्षणानुसार विवाहितांवरील लैंगिक हिंसेत चार-पंचमांशांहून अधिक वेळा करणारा सध्याचा पती असतो. अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने बळजबरीने केलेला संभोग १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, कलम ६३ च्या अपवादामुळे, बलात्कार ठरत नाही. या अपवादाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी मे २०२२ मध्ये परस्परविरोधी निकाल दिले आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे गेला.