मस्टरवरचा ‘पोऱ्या’

१३ मे १८६२ रोजी पहाटे दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन बंदरातून ‘प्लँटर’ नावाची आगबोट नाहीशी झाली. अमेरिकेतले यादवी युद्ध सुरू होऊन वर्ष उलटले होते. त्या पहाटेविषयी दोन्ही शत्रुपक्षांचे सरकारी अहवाल हाताशी आहेत. बंडखोर दक्षिणेच्या लष्करी ठाण्याने त्याच दिवशी वर कळवले, की तीन ते साडेतीनच्या दरम्यान बोट धक्क्यावरून चोरीस गेली. उत्तरेच्या नाकेबंदी करणाऱ्या आरमाराचे प्रमुख ड्यू पाँट यांनी दुसऱ्या दिवशी नौदलमंत्री गिडियन वेल्स यांना लिहिले, की बोट चार वाजता निघाली.

या फरकावर थोडे थांबायला हवे. समटर किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याने सव्वाचारला तीच बोट बाहेर जाताना पाहिली आणि गस्तीची बोट समजून तशी वर्दी दिली, असे त्या किल्ल्याचा अहवाल सांगतो. धक्क्यापासून समटर तीन मैलांहून दूर. जड लाकडी आगबोट हे अंतर पाव तासात कापू शकत नाही. म्हणून सुटण्याची वेळ दक्षिणेचीच खरी धरावी लागते. मग मधला तास कुठे गेला? बोट आधी दुसऱ्या धक्क्याकडे वळली होती. तिथे खलाशांच्या बायका आणि मुले लपून वाट पाहत होती. धोक्याच्या त्या तासाला ड्यू पाँट यांच्या अहवालात जागा मिळालेली नाही.

सुकाणूवर होता रॉबर्ट स्मॉल्स, वय २३, गुलाम. पायलटचे सगळे काम तो करी, पण ते पद गुलामाला नसे. त्याला नुसता चाकधारी म्हणत. गोरे अधिकारी हुकूम मोडून रात्री घरी झोपायला गेले होते. दक्षिणेचे झेंडे फडकत ठेवून, प्रत्येक किल्ल्यापुढे रिवाजाप्रमाणे शिट्टी वाजवत बोट पुढे सरकली. शेवटच्या तोफेच्या टप्प्याबाहेर पडल्यावर ते झेंडे उतरले आणि पांढरा चढला. नाकेबंदीचे ‘ऑनवर्ड’ जहाज तोफा डागण्याच्या बेतात असताना त्याच्या कप्तानाला ते निशाण दिसले. बोटीवर सोळा माणसे होती. त्यांत पाच बायका आणि तीन मुले. शिवाय दक्षिणेच्याच एका किल्ल्यासाठी चढवलेल्या चार तोफा.

(याच नाकेबंदीने दक्षिणेचा कापूस अडकला, आणि त्यामुळे मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. आपल्याकडे त्या युद्धाची आठवण सहसा तेवढीच.)

अमेरिकेच्या काँग्रेसने त्याच महिन्यात कायदा करून बोटीच्या निम्म्या किमतीचे बक्षीस स्मॉल्स आणि सोबत्यांना देऊ केले. बोटीची किंमत लावली गेली ९,१६८ डॉलर. स्मॉल्सच्या वाट्याला आले १,५००. तोफांसह चालू स्थितीत हाती आलेल्या आगबोटीचे हे मोल मला उघड अन्यायाचे वाटते, आणि काँग्रेसलाही पुढे तसेच वाटले असावे: १९०० मध्ये तिने त्याची रक्कम ५,००० वर नेली. मधल्या काळात, ७ एप्रिल १८६३ रोजी चार्ल्सटनवरच्या हल्ल्यात तो ‘किओकक’ या चिलखती जहाजाचा पायलट होता. सुमारे नव्वद गोळे खाऊन ते दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले.

स्मॉल्सचे नाव राहिले, कारण त्याच्या कृत्यावर मंत्र्यांना पत्र गेले. इतरांसाठी आपल्याकडे आहेत ती जहाजांची मस्टरे. २५ सप्टेंबर १८६१ रोजी वेल्स यांनी पळून आलेल्या गुलामांना नौदलात घ्यायची मुभा दिली. अट अशी, की दर्जा ‘बॉय’च्या वर नसावा, पगार महिना १० डॉलर आणि दिवसाचा एक शिधा. बॉय म्हणजे आपल्या भाषेत पोऱ्या. तिशीतला, हाताला घट्टे पडलेला माणूसही त्या रकान्यात पोऱ्याच. डिसेंबर १८६२ मध्ये ही मर्यादा एक पायरी वर सरकली.

नौदलाने काळ्यांची वेगळी पलटण केली नव्हती, त्यामुळे त्यांची वेगळी यादीही नाही. मस्टरात नाव, वय, जन्मस्थळ, आधीचा धंदा, उंची, डोळे, केस आणि वर्ण लिहीत. अभ्यासकांनी हजारो पानांतला तो वर्णाचा रकाना ओळीओळीने तपासला तेव्हा कुठे सुमारे १८,००० काळे नौसैनिक मोजता आले.

मिसिसिपी नदीवरच्या ‘रेड रोव्हर’ या इस्पितळ जहाजाच्या कागदांतही असा एक पोऱ्या सापडतो. जानेवारी १८६३, दर्जा ‘पहिल्या वर्गाचा बॉय’, काम आजाऱ्यांची शुश्रूषा. नाव अ‍ॅन. ही गुलामीतून सुटलेली बाई. तिला लिहितावाचता येत नव्हते. पुढे ती ते शिकली, स्वतःच्या चाकरीवर पेन्शनचा अर्ज केला, आणि १८९० मध्ये अ‍ॅन स्टोक्स या नावाने तिला महिना १२ डॉलर मंजूर झाले.