आपल्या लेकरांच्या साहित्याचा इतिहास १८२८ पासून नव्हे, १८५५ पासून

मराठी बालसाहित्याचा इतिहास बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने सांगितला जातो. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ मराठीत आणल्या, ही सुरुवात. मग १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ मासिक, १९३५ साली साने गुरुजींची ‘श्यामची आई’, १९५९ साली सुधा करमरकरांनी रंगभूमीवर आणलेली ‘मधुमंजिरी’, १९७१ साली बालभारतीचे ‘किशोर’. ही नावे खरी आहेत आणि कामेही मोठी आहेत. आमचा आक्षेप नावांना नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की या यादीतले ‘बाल’ म्हणजे नेमके कोणाचे लेकरू?

पुस्तक छापले म्हणजे ते लेकरापर्यंत पोचले, असे होत नाही. मध्ये शाळा लागते, आणि शाळेच्या दारात जात उभी होती. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने सरकारकडे दाद मागितली. मुलावर अन्याय होतो आहे हे मुंबई सरकारने मान्य केले, पण एका मुलासाठी बाकीच्यांची शाळा मोडेल असे म्हणत हात वर केले. १९२८ साली सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाचा हिशेब मांडताना बाबासाहेबांनी हे प्रकरण मुद्दाम नोंदवले. म्हणजे ‘बाळमित्र’ निघून अठ्ठावीस वर्षे झाली तरी आपल्या लेकराला त्या ‘मित्रा’ला भेटायचीच बंदी होती. त्या पुस्तकातल्या बाळाला जात होती. फक्त ती लिहिलेली नव्हती.

म्हणून आम्ही म्हणतो, आपला हिशेब १८५५ पासून धरा. त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ने १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत एक निबंध दोन भागांत छापला. विषय होता मांग-महारांचे दुःख. लिहिणारी मुक्ता होती. चौदा वर्षांची, जातीने मांग, जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी. वेद आमचे एकट्याचे आहेत असे ब्राह्मण म्हणतात. मग वेद आमचे नसतील तर आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न ती करते. पेशवाईतल्या अत्याचारांची नोंद करते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल सांगते. शेवटी आपल्याच लोकांना शिका म्हणून बजावते.

हा निबंध आपण सावित्री-जोतीरावांच्या कार्याचा पुरावा म्हणून वाचतो, स्त्रीवादाचा पुरावा म्हणून वाचतो. दोन्ही बरोबर आहे. पण तो एका किशोरवयीन मुलीचा मजकूर आहे, हे सांगायचे राहून जाते. बालसाहित्याच्या नेहमीच्या व्याख्येत मोठा माणूस लिहितो आणि लेकरू ऐकते. इथे लेकरू लिहिते आणि मोठ्यांना ऐकावे लागते. ही उलटापालट साधी नाही. ‘बाळमित्र’ मुलाला चांगले वागायला शिकवतो. मुक्ता विचारते की मोठे लोक असे का वागतात.

त्याच्या एक वर्ष आधी, १८५४ साली, सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह आला. लेकरांना शिकायला सांगणाऱ्या कविता त्यात आहेत. मुक्ताचा निबंध छापला गेला त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. भटजीने लुबाडलेले कुणबी नवरा-बायको शेवटी रात्रीच्या शाळेची वाट धरतात, असे ते नाटक. कमिटीने ते नाकारले. ते छापील स्वरूपात लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. एकशे चोवीस वर्षे! ज्यांची नाटके एवढा काळ दप्तरात पडून राहतात, त्यांच्या लेकरांना ‘तुमच्यात वाङ्मयाची परंपरा नाही’ असे ऐकवणे फार सोपे असते.

आता ‘श्यामची आई’कडे या. साने गुरुजींबद्दल आम्हाला आदर आहे. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले, हे विसरता येत नाही. त्यांच्या या पुस्तकात एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी उचलून देण्याचा प्रसंग आहे. आई श्यामला तिच्या मदतीला पाठवते आणि नंतर आंघोळ करायलाही सांगते. त्या काळाच्या मानाने ती आई पुढे आहे. पण प्रसंग कोणाचा आहे ते पाहा. दया श्यामची, शिकवण आईची, आंघोळही श्यामचीच. म्हातारीच्या वाट्याला मोळी. तिच्या घरी नातू असेल, तर त्याने त्या संध्याकाळी आजीला काय विचारले असेल? ती गोष्ट मराठी बालसाहित्याने लिहिली नाही, कारण कॅमेरा कायम श्यामच्या अंगणात ठेवलेला होता.

ती गोष्ट लिहिली बाबासाहेबांनी. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत १९०१ सालचा प्रवास आहे. साताऱ्याहून भाऊ आणि भाच्यांसोबत छोटा भीम गोरेगावला वडिलांना भेटायला निघतो. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट. लेकरांचा आनंद ओसंडून वाहतो आहे. मसूर स्टेशनवर वडिलांचा माणूस आलेला नाही, कारण पत्र त्यांना मिळालेलेच नाही. स्टेशनमास्तर जात विचारतो आणि चेहरा बदलतो. कोणी गाडीवान तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार होतो. अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो शेजारून चालणार. रात्र होते, सोबत जेवण आहे, पण पाणी नाही. पाणी कोणी देत नाही, आणि पाण्याशिवाय भाकर घशाखाली उतरत नाही.

जगातल्या कोणत्याही भाषेत ही बालकथा म्हणून उभी राहील. प्रवास आहे, नवे कपडे आहेत, चुकलेले पत्र आहे, भीती आहे, मुलांनी काढलेले मार्ग आहेत. उपदेशाचे एक वाक्य नाही. जात म्हणजे काय हे मुलाला समजावून सांगायला यापेक्षा चांगला मजकूर आम्हाला माहीत नाही.

मधल्या काळात आपली लेकरे काय ऐकत होती? जलसा. सत्यशोधक जलशानंतर १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. गण होता, पण गणपतीचा नव्हता. गवळणीला रजा मिळाली. सवाल-जवाब होते, फार्स होते, हसवता हसवता अंधश्रद्धेची सालटी काढणे होते. जलशाला ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी पाटी नव्हती. लेकरे पुढे बसत आणि दुसऱ्या दिवशी तीच गाणी गात. वामनदादा कर्डकांनी तर अक्षरओळखच मोठेपणी करून घेतली आणि नंतर हजारो गाणी दिली. शाळेच्या आधी आपल्या लेकरांना जी कविता मिळाली, ती ही.

आमच्या मराठवाड्यासाठी आणखी एक पान महत्त्वाचे आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले, विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले, आणि १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला धम्मदीक्षेच्या सोहळ्यातही ते झाले. सोळा-अठरा वर्षांची, खेड्यांतून आलेली पोरे युगायुगांचा शोषणाचा इतिहास रंगमंचावर उभा करत होती. याला किशोरांचे नाट्य म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

यावर आक्षेप येईल की मुक्ताचा निबंध वर्तमानपत्रासाठी होता, जलसा सगळ्या गावासाठी होता, ‘युगयात्रा’ बाबासाहेबांसमोर झाली. यात ‘मुलांसाठी’ काय आहे? आक्षेप गंभीर आहे. ‘मुलांसाठी वेगळे’ ही कल्पना त्या घरात जन्मते जिथे मुलाला वेगळे बालपण असते. आपल्या वस्तीत लेकरू मोठ्यांबरोबर राबते, मोठ्यांबरोबर मोर्चात चालते आणि मोठ्यांचेच गाणे गाते. म्हणून आपले साहित्यही सामायिक राहिले. त्यात आपले बळ होते. पण याच वस्तुस्थितीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लेकराला स्वतःचे पुस्तक न मिळणे हा परंपरेचा गौरव नव्हे, ती वंचना आहे. सहा वर्षांच्या मुलीला जलशातला कोटिक्रम कळत नाही. तिला चित्र लागते.

आणि चित्राच्या बाबतीत आपण फार उशिरा जागे झालो. १९६७ पासून निघणाऱ्या ‘अमर चित्र कथा’ने १९७९ साली बाबासाहेबांवर अंक काढला. तेव्हा मराठवाडा नामांतराच्या प्रश्नावर पेटलेला होता. पुढे २०११ साली नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ काढले. परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी त्यात चौकटीत चित्र कोंबणे नाकारले. गोड बोलणाऱ्याच्या तोंडी पक्ष्याच्या आकाराचा फुगा, विषारी बोलणाऱ्याच्या तोंडी विंचवाच्या नांगीचा फुगा. वाचता न येणाऱ्या लेकरालाही कोण कसे बोलतो ते कळते. पण हे पुस्तक मुळात इंग्रजीत निघाले. त्याची भाषा आणि किंमत दोन्ही आपल्या वस्तीपासून लांब.

वस्तीत काय आहे? आमच्या केज तालुक्यातल्या कोणत्याही भीमनगरात जा. बाबासाहेबांचा फोटो प्रत्येक घरात आहे. १४ एप्रिलला लेकरे घोकून भाषणे करतात. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते आणि लेकरे मागे बसून पेंगतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात. काही लेकरे आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही फडावर जातात. त्या चार-पाच महिन्यांत त्यांच्या हाताशी गोष्टीचे एकही पुस्तक नसते. तिथे मोबाइल आहे. आणि मोबाइलवर कार्टूनमधला कृष्ण आणि हनुमान दिवसरात्र हजर असतात. वैचारिक शत्रू आपल्या लेकरांशी रोज बोलतो आहे, आणि आपण त्यांच्याशी वर्षातून एकदा, तेही माइकवरून!

भाषण पाठ करणाऱ्या लेकराला बाबासाहेब किती पदव्या मिळवून आले ते सांगता येते. गोरेगावच्या रस्त्यावर तहानलेले लेकरू आपल्याएवढेच होते, हे त्याला माहीत नसते. महापुरुष दूर उभा राहतो, भीम नावाचे पोर शेजारी बसते. आपल्याला शेजारी बसणारा भीम हवा आहे.

यासाठी अनुदानाची वाट पाहायची गरज नाही. वर्षावासात आठवड्यातला एक दिवस लेकरांचा ठेवा आणि त्या दिवशी ग्रंथाऐवजी गोरेगावचा प्रवास गोष्ट म्हणून सांगा. जयंतीला घोकीव भाषणाऐवजी तोच प्रवास पोरांना नाटक म्हणून बसवू द्या. गाडीवान कोण होणार यावर त्यांची जी चर्चा होईल, तेच शिक्षण. नववी-दहावीच्या मुलांना वसंत मून यांची ‘वस्ती’ द्या. नागपूरच्या महारपुऱ्यातले बालपण नुसते रडगाणे नाही, त्यात खेळ आहे, समता सैनिक दल आहे. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, मोबाइल आहेच तर तेही दाखवा, त्यात आपले लेकरू कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्यांनाच शोधू द्या.

आणि सगळ्यात आधी वह्या द्या. फडावरून परत आलेल्या मुलीला ‘माझा आवडता सण’ लिहायला सांगू नका. तिला विचारा की कोपीत रात्री काय ऐकू येते, मुकादम आईशी कसा बोलतो, शाळा सुटली तेव्हा काय वाटले. ती लिहील. मुक्ताला कोणी निबंधाचा विषय सोपा करून दिला नव्हता. जोतीराव-सावित्रीबाईंनी तिला अक्षर दिले आणि ‘ज्ञानोदय’ने जागा दिली. बाकी सगळे तिच्यापाशी आधीपासून होते.

आज अक्षर शाळा देते आहे. जागा आपण द्यायची आहे.

जय भीम!