अबोल बालकांची वेदना

सोलापुराकडील पुष्कळ घरांत तान्ह्या मुलाचे कान टोचण्यासाठीं सोनाराला बोलावतात. मुलाला मांडीवर घेतात, कोणी खुळखुळा वाजवून त्याचें लक्ष वेधतें, आणि तार आरपार जातांच जिभेवर साखर ठेवतात. ही केवळ बायकांची समजूत, असें मानणाऱ्यांनीं सुश्रुतसंहितेचें सूत्रस्थान उघडून पाहावें. मुलाला मांडीवर बसवून, खेळण्यांनीं भुलवून, गोंजारीत कान टोचावा, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे लहान मुलाला दुखतें, आणि तें दुखणें हलकें करणें हें टोचणाऱ्याचेंच काम, हें त्या ग्रंथकारानें धरूनच चालविलें होतें. श्रोतेहो, हीच साधी गोष्ट विसाव्या शतकांतील शस्त्रवैद्यांपुढें पुन्हा सिद्ध करून दाखवावी लागली. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

नेपाळांत मिळालेली, ताडपत्रावर लिहिलेली आणि बरीच खंडित अशी काश्यपसंहिता मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापून १९३८ सालीं प्रसिद्ध झाली. हा ग्रंथ मुख्यतः बालरोगांचा. त्यांत ‘वेदनाध्याय’ नांवाचें एक प्रकरण आहे. ज्याला बोलतां येत नाहीं त्याला काय दुखतें, हें वैद्यानें कसें ओळखावें, हा त्यांतील प्रश्न. आणि उत्तर असें कीं, नीट पाहून. डोकें दुखत असेल तर मूल तें सारखें हलवितें व डोळे मिटून घेतें. कान दुखत असेल तर हात कानाकडे नेतें. पोटांत कळ असेल तर अंगावर पिणें सोडून रडतें, पोट ताठतें, तोंडाला घाम सुटतो. आमच्या पूर्वजांना सारें ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह मात्र येथें आवरावा. पोथी बासनांत राहिली, आणि पोटफुगीवर उपाय म्हणून तान्ह्या मुलांना डागण्याची चाल मेळघाटांत एकविसाव्या शतकांतही आढळली.

पाश्चात्त्य देशांत १८४६ सालीं बॉस्टन येथें ईथरची गुंगी देऊन शस्त्रक्रिया करून दाखविण्यांत आली. पुढील वर्षीं क्लोरोफॉर्म आलें. पण १८४८ च्या जानेवारींत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचें नख काढण्यासाठीं क्लोरोफॉर्म दिलें असतां दगावली. तेव्हां लहान जिवाला भूल देण्याची धास्ती अगदींच निराधार नव्हती. पुढें तिच्या जोडीला एक सोयीचा समज आला. अमेरिकेंत मर्टल मॅग्रॉ या विदुषीनें नवजात बालकांना टाचणी टोचून त्यांच्या हालचाली नोंदविल्या व १९४१ सालीं प्रसिद्ध केल्या. पहिल्या कांहीं दिवसांत प्रतिसाद मंद दिसला. तेवढ्यावरून, मेंदूची वाढ अपुरी म्हणून अर्भकाला वेदना नाहीं, हें मत बळावलें. परिणाम असा झाला कीं, १९८० नंतरही कित्येक रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बालकांवर शस्त्र चालवितांना स्नायू लुळे पाडणारें औषध देत, वेदना शमविणारें देत नसत! मूल ज्या एका भाषेंत बोलतें, ती देहाची भाषाच बंद करावयाची, आणि मग तें कांहीं सांगत नाहीं म्हणावयाचें. याहून विपरीत न्याय तो कोणता?

होळकरांच्या इंदुरांतील महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयांतून वैद्यक शिकून कंवलजीत आनंद हे ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियेहून परत येणारीं चिमुकलीं मुलें अत्यवस्थ कां होतात, हा प्रश्न त्यांना तेथें पडला. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हृदयाजवळील एक वाहिनी बांधावयाच्या १६ बालकांपैकीं निम्म्यांना नेहमींच्या भुलीबरोबर फेंटानिल हें वेदनाशामक दिलें, निम्म्यांना दिलें नाहीं. ज्यांना तें मिळालें नाहीं त्यांच्या रक्तांत देहावरील ताण दाखविणारे स्राव व साखर पुष्कळ वाढलीं, आणि मागाहून उपद्रवही अधिक झाले. हा निबंध १९८७ च्या जानेवारींत ‘लॅन्सेट’मध्यें आला. रडतां न येणाऱ्या मुलाची साक्ष रक्तानें दिली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनें नवजात बालकांनाही भूल दिलीच पाहिजे असें जाहीर केलें.

मग मोजमाप आलें. १९९७ सालीं मिशिगनमध्यें तयार झालेल्या एका कोष्टकांत चेहरा, पाय, हालचाल, रडणें आणि समजूत पटणें, या पांच गोष्टींना शून्य ते दोन असे गुण देतात, बेरीज दहाची. वेदनाध्यायांतील पाहणेंच हें, फक्त आंकड्यांत बसविलेलें. तीन वर्षांवरील मुलें हसऱ्यापासून रडव्यापर्यंतच्या चित्रांपैकीं एकावर बोट ठेवतात. साखरपाण्याच्या थेंबांनीं टाचेंतून रक्त घेतांना नवजात बालकांचें रडणें कमी होतें, हेंही प्रयोगांनीं दाखविलें आहे.

अधिक कठीण प्रकरण बारा-पंधरा वर्षांच्या मुलांचें. त्यांना बोलतां येतें, पण बोलूं दिलें जात नाहीं. ‘एवढा घोडा झालास आणि रडतोस?’ हें घरीं. आणि शाळेंत पोटदुखी म्हणजे गृहपाठ न केल्याची सबब. या वयाला शून्य ते दहांतील आंकडा विचारावा आणि तो सांगेल तो खरा मानावा, असें शास्त्र सांगतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं लसीकरणासंबंधीं सूचना काढल्या, त्यांत तान्ह्याला टोचतांना अंगावर पाजावें हें तर आहेच. शिवाय असेंही आहे कीं, मुलाला खोटा धीर देऊं नये. आतां टोचतों, एवढें सरळ सांगावें. ‘कांहीं दुखत नाहीं हं’ असें म्हणूं नये. कारण पुढच्या खेपेस मूल सुईला भितेंच, शिवाय सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवीत नाहीं.