2 कोटींचं बक्षीस आणि प्रागमधली एक सायकल

पोलीस बीट करणाऱ्या आम्हा पत्रकारांना एक वाक्य पाठ असतं, 'तपासाची चक्रे वेगाने फिरली.' ही चक्रं नेमकी कशाच्या जोरावर फिरतात, हे बघायचं असेल तर 1942 चं प्राग बघा.

27 मे रोजी हिटलरचा खास माणूस राइनहार्ड हायड्रिख याच्या मोटारीवर हल्ला झाला. करणारे दोघे, गाबचिक आणि कुबिश. ब्रिटनहून येऊन पॅराशूटने उतरलेले. गाबचिकची स्टेनगन ऐनवेळी अडकली, कुबिशने बॉम्ब टाकला. 4 जूनला हायड्रिख मेला.

गेस्टापोकडे पुरावे भरपूर होते. सायकल, बॅगा, कोट, टोपी. हा सगळा मुद्देमाल भर बाजारात, बाटाच्या दुकानाच्या काचेत मांडला. बक्षीस आधी 1 कोटी क्राऊन, मग 2 कोटी. घरोघर झडत्या. आसरा देणाऱ्याला कुटुंबासकट गोळ्या. तरी कुणी बोलेना!

जखमी कुबिश ज्या सायकलवरून निसटला, ती लपवली 14 वर्षांच्या यिंद्रिश्का नोवाकोवा या पोरीने. पोलिसांनी मुलींची ओळखपरेड घेतली. ती सापडली नाही.

मग एका संशयास्पद चिठ्ठीवरून लिदित्से गाव उचललं. गावाचा हल्ल्याशी काडीचा संबंध नव्हता. 10 जूनला तिथेच 173 पुरुष गोळ्या घालून मारले, बायकांना छळछावणीत धाडलं, गाव जमीनदोस्त केलं. याला तपास म्हणायचं का?

पण याच दहशतीने काम केलं. 16 जूनला कारेल चुर्दा स्वतःच्या पायाने गेस्टापोकडे गेला. तोही पॅराशूटने उतरलेलाच, त्यांच्यातलाच. आईच्या घरी लपला होता. त्याने आसरा देणाऱ्यांची नावं सांगितली. दुसऱ्या दिवशी मोरावेक कुटुंबावर धाड पडली. मारी मोरावकोवाने विष घेतलं. तिच्या कोवळ्या मुलाचा छळ करून चर्चचा पत्ता काढला. 18 जूनला तिथे लपलेले सात जण शेकडो सैनिकांशी काही तास लढले. तळघरात पाणीसुद्धा सोडलं. सातही संपले.

चुर्दाला 50 लाख क्राऊन मिळाले. 1947 मध्ये फाशीही मिळाली. यिंद्रिश्का पुढे पकडली गेली आणि ऑक्टोबर 1942 मध्ये माउटहाउजेनच्या छावणीत मारली गेली, घरच्यांसकट.

चुर्दाला शिव्या घालणं सोपं आहे. लिदित्सेनंतर आपल्या घरच्यांची भीती कुणाला वाटणार नाही? पण तीच भीती नोवाक कुटुंबालाही होती, मोरावेकांनाही होती. फरक तिथे आहे.

कागदावर ही केस 'उघडकीस' आली. मुद्देमाल होता, बक्षीस होतं, खबऱ्या होता, आरोपी संपले. आमच्या भाषेत यशस्वी तपास. म्हणून प्रेसनोट हातात आली की मी आता आधी विचारतो, कुणी सांगितलं? आणि का सांगितलं? तुम्हीही बातमी वाचताना विचारत जा.