दोन सेंटचे गाणे, ३५,००० डॉलरचा आवाज

१/ रॉक अँड रोलच्या उदयाची एक कथा सर्वत्र सांगितली जाते: अमेरिकेतील बड्या रेकॉर्ड कंपन्या गाफील राहिल्या आणि छोट्या कंपन्यांनी बाजी मारली. ही कथा अर्धीच खरी आहे. बड्या कंपन्यांना नवे संगीत ऐकू येत होते. त्या ते उचलतही होत्या. चूक झाली ती नेमके काय उचलायचे हे ठरवण्यात.

२/ १९५० च्या सुमारास लोकप्रिय संगीताची बाजारपेठ आरसीए व्हिक्टर, कोलंबिया, डेक्का, कॅपिटल अशा मोजक्या कंपन्यांच्या हाती होती. तबकड्यांचे कारखाने, देशभरचे वितरण, नामांकित गायक, सारे त्यांच्याकडे. कृष्णवर्णीयांच्या संगीताचा कप्पा मात्र निराळा होता. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक त्याची यादी ‘रेस रेकॉर्ड्‌स’ या नावाखाली छापत असे. १९४९ मध्ये तिला ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव मिळाले. नाव बदलले, कप्पा तसाच राहिला.

३/ हा कप्पा छोट्या कंपन्यांकडे गेला त्याला महायुद्ध कारणीभूत ठरले. त्या काळी तबकड्यांसाठी लाख लागे आणि ती मुख्यतः भारतातून जात असे. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने लाखेच्या वापरावर कडक निर्बंध घातले. त्याच वर्षी वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तुटवड्याच्या दिवसांत बड्या कंपन्यांनी कात्री लावली ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि ग्रामीण संगीताला.

४/ ती पोकळी नव्या उद्योजकांनी भरली. सिनसिनाटीत किंग, लॉस एंजेलिसमध्ये स्पेशॅल्टी, न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक (१९४७), शिकागोत चेस, मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांची सन (१९५२). चुंबकीय फितीवरील यंत्रांमुळे ध्वनिमुद्रण स्वस्त झाले होते. आरसीएने १९४९ मध्ये आणलेली ४५ फेऱ्यांची हलकी, सहसा न फुटणारी तबकडी या छोट्यांनाच फार उपयोगी पडली. बड्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेले हत्यार असे प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले.

५/ आता कायद्याकडे वळू. १९०९ च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार एखादे गाणे मालकाच्या संमतीने एकदा ध्वनिमुद्रित झाले की, प्रत्येक तबकडीमागे दोन सेंट भरून ते कोणालाही पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत असे. संरक्षण होते ते शब्दांना आणि चालीला. गळ्याची फिरत, तालाची लकब, वाद्यांची गुंफण यांना या कायद्याच्या लेखी मोल नव्हते.

६/ या तरतुदीवर ‘कव्हर’चा धंदा उभा राहिला. १९५४ मध्ये ब्रॉन्क्सच्या ‘द कॉर्ड्‌स’ या कृष्णवर्णीय गटाचे ‘शबूम’ हे गाणे अटलांटिकच्या कॅट या उपकंपनीने काढले. ते गाजू लागताच मर्क्युरी कंपनीने ‘द क्रू कट्‌स’ या गोऱ्या कॅनेडियन गटाकडून ते गाऊन घेतले. मर्क्युरीची आवृत्ती पहिल्या क्रमांकावर गेली. चाल एकच होती. वितरणाचे बळ आणि रेडिओचे दरवाजे मात्र वेगळे होते.

७/ पुढच्याच वर्षी लाव्हर्न बेकर यांच्या ‘ट्वीडली डी’ची पाळी आली. मर्क्युरीसाठी जॉर्जिया गिब्ज यांनी ते जवळजवळ त्याच वाद्यसंयोजनात गायले आणि यादीत बेकर यांना बरेच मागे टाकले. १९५० मध्ये एका खटल्यात कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने अशी नक्कल करणाऱ्या डेक्काच्या बाजूने निकाल दिलेला होता, म्हणून बेकर यांनी काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून कायदाच बदलण्याची मागणी केली. कायदा बदलला नाही.

८/ तरी हे चित्र केवळ काळे-पांढरे रंगवणे अन्यायाचे होईल. एकमेकांची गाणी गाणे ही त्या धंद्याची जुनी रीत होती. ‘शबूम’च्या त्याच तबकडीवर दुसऱ्या बाजूला कॉर्ड्‌सनी मर्क्युरीच्या पॅटी पेज यांचे गाणे गायले होते. छोट्या कंपन्याही संत नव्हत्या. चेसने काढलेल्या चक बेरी यांच्या ‘मेबेलिन’वर (१९५५) सहगीतकार म्हणून रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड यांचे नाव छापले गेले. त्यांनी त्या गाण्याची एक ओळही लिहिलेली नव्हती.

९/ बड्या कंपन्या पूर्णपणे बहिऱ्या नव्हत्या, याचा पुरावा डेक्काचा आहे. ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे बिल हेली यांचे गाणे डेक्कानेच एप्रिल १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित केले. निर्माते मिल्ट गेबलर यांनी पूर्वी लुई जॉर्डन यांच्या जोशपूर्ण तबकड्या घडवल्या होत्या. सुरुवातीला गाण्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. १९५५ मध्ये ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटात ते वाजले आणि मग आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

१०/ दरम्यान श्रोता बदलत होता. दूरचित्रवाणी आल्यावर स्थानिक रेडिओ केंद्रे तबकड्या वाजवणाऱ्या निवेदकांवर चालू लागली आणि गोऱ्या घरांतील मुलांच्या कानी मूळ आवाज पडू लागले. ‘टुटी फ्रुटी’च्या वेळी पॅट बून यांची सौम्य आवृत्ती लिटल रिचर्ड यांच्या मूळ तबकडीपेक्षा वर गेली. १९५६ मध्ये ‘लाँग टॉल सॅली’च्या वेळी मात्र रिचर्ड बून यांच्या पुढे राहिले. नक्कल आता पुरेशी ठरत नव्हती.

११/ हे ओळखून आरसीएने नोव्हेंबर १९५५ मध्ये मोठा व्यवहार केला. सन कंपनीला ३५,००० डॉलर देऊन तिने एल्व्हिस प्रेस्ली यांचा करार विकत घेतला आणि त्यांच्या सनच्या तबकड्या स्वतःच्या नावाने पुन्हा काढल्या. त्यांतील पहिली होती ‘दॅट्स ऑल राइट’. हे गाणे आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाने १९४६ मध्ये शिकागोत ध्वनिमुद्रित केले होते, तेही आरसीएसाठीच. कंपनीच्या कपाटात असलेले गाणे दुसऱ्या कंठातून, नऊ वर्षांनी, मोठी किंमत मोजून परत आले.

१२/ करार विकत घेता आला, पण नाद त्याच्याबरोबर आला नाही. मेम्फिसमध्ये फिलिप्स दोन फीतयंत्रांच्या साहाय्याने आवाजाला एक विशिष्ट प्रतिध्वनी देत. जानेवारी १९५६ मध्ये नॅशव्हिलला ‘हार्टब्रेक हॉटेल’ मुद्रित करताना आरसीएच्या तंत्रज्ञांनी तो परिणाम साधण्यासाठी स्टुडिओबाहेरच्या बोळाचा आधार घेतला. गाणे पहिल्या क्रमांकावर गेले.

१३/ इतर कंपन्यांनी आपापले मार्ग धरले. कॅपिटलने जीन व्हिन्सेंट यांना घेतले. डेक्काने बडी हॉली यांना सोडून दिले आणि १९५७ मध्ये तिच्याच ब्रन्सविक या उपकंपनीतून त्यांचे गाणे गाजले. कोलंबियाचे मिच मिलर नव्या संगीताचे कडवे टीकाकार राहिले. ‘माय फेअर लेडी’च्या तबकड्यांतून प्रचंड नफा मिळवणाऱ्या कंपनीला ती चैन परवडतही होती.

१४/ परिणाम आकड्यांत दिसतो. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड पीटरसन आणि डेव्हिड बर्गर यांच्या १९७५ च्या अभ्यासानुसार, १९५५ मध्ये गाजलेल्या गाण्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश चार आघाडीच्या कंपन्यांची होती. १९५९ मध्ये हे प्रमाण साधारण एक-तृतीयांशावर आले.

१५/ पुढे मोठ्यांनी बाजार पुन्हा काबीज केला. १९६७ मध्ये अटलांटिकही वॉर्नरच्या मालकीची झाली. ज्या कलावंतांच्या गळ्यातून हे संगीत जन्मले त्यांचा हिशेब मात्र तुटपुंजाच राहिला. ध्वनिमुद्रणाला संघीय कॉपीराइटचे संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून, आणि तेही त्या तारखेनंतरच्या ध्वनिमुद्रणांना. हुबेहूब गाऊन केलेली नक्कल त्यानंतरही कायदेशीरच राहिली. १९७४ मध्ये क्रुडप वारले. आपल्या गाण्याचे रास्त मोल त्यांना हयातीत मिळाले नाही.