बहुरूपी गिटार

आमचे एक शिक्षक मित्र आहेत. तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवतात आणि संध्याकाळी घरी पेटी काढून बसतात. त्यांच्या मुलाला गिटारचे वेड लागले. बापलेक शहरात दुकानी गेले. तिथे दुकानदाराने एक गिटार पुढे केली आणि म्हणाला, "मास्तर, ही एक घेतली की पंचवीस गिटारी घरी नेल्यासारखं आहे. बटण फिरवा, आवाज बदला." मास्तर तिथे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मला विचारले, "एका वाद्यात पंचवीस वाद्यं कशी राहतील? आणि राहत असली, तर ती खरी की खोटी?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर द्यायचे तर नव्वद वर्षे मागे जावे लागते. या गिटारीला तिकडे मॉडेलिंग गिटार म्हणतात. मी तिला बहुरूपी गिटार म्हणतो. आपल्या गावात बहुरूपी येतो, सकाळी फौजदार होतो, दुपारी साधू होतो. माणूस तोच, रूपे अनेक. या गिटारीचेही तसेच आहे.

मुळात गिटार हे हलक्या आवाजाचे वाद्य. आतून पोकळ लाकडी पेटी, वर तारा. दिवाणखान्यात चार माणसांपुढे ती गोड वाजते. पण १९२० नंतरच्या काळात अमेरिकेत नाचाच्या मोठमोठ्या वाद्यवृंदांची चलती झाली. तुताऱ्या, सॅक्सोफोन, ढोल. त्यांच्यापुढे गिटारवाल्याने हात मोडेपर्यंत वाजवले तरी ऐकू येईना. बॅंडबाज्यात कुणी एकतारी घेऊन बसावे, तशी गत.

यावर कॅलिफोर्नियात जॉर्ज बोशॅम्प नावाच्या वादकाने विजेचा उपाय शोधला. तो हवाईयन गिटार वाजवीत असे, म्हणजे गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरवायची. अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या कारखान्याच्या मदतीने १९३१ साली त्याने नमुना केला आणि १९३२ पासून ती गिटार विक्रीला आली. गोल चकती आणि लांब दांडा. लोकांनी तिचे नाव ठेवले 'तवा'! पोकळ पेटी नाहीच. तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार चुंबकापाशी थरथरली की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. हा फॅरेडेचा १८३१ सालचा नियम, आपली मुले तो शाळेत शिकतात. ती इवलीशी वीज रेडिओसारख्या यंत्रात मोठी करायची आणि कर्ण्यातून ऐकायची.

पेटंट कचेरीला मात्र शंका आली, की हे खरोखर वाजते का? तेव्हा सोल होओपी या हवाईयन वादकाला आणि त्याच्या साथीदारांना वॉशिंग्टनला पाठवून कचेरीतल्या साहेबांपुढे वाजवून दाखवावे लागले. पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले. तोवर इतर कारखानदारांनीही हात धुऊन घेतले होते.

पुढची गोष्ट तर मोठी मौजेची आहे. लेस पॉल नावाचा एक हुन्नरी वादक होता. १९४० च्या सुमारास त्याने चार इंच जाडीच्या सरळ लाकडी ओंडक्यावर तारा आणि चुंबक बसवले. आवाज उत्तम. पण ओंडका वाजवणारा माणूस पाहून श्रोत्यांना काही भरवसा वाटेना. मग त्याने एक नेहमीची गिटार उभी कापली आणि तिचे दोन अर्ध ओंडक्याला दोन्ही अंगांनी जोडले. त्या अर्धांचा आवाजाशी काही संबंध नव्हता. केवळ दिसायला! पण श्रोते खूश झाले. म्हणजे पाहा, भरीव लाकडाची ही गिटार जन्माला आली तीच सोंग घेऊन.

गिब्सन कंपनीने आधी त्या ओंडक्याकडे पाठ फिरवली, आणि १९५२ साली मात्र लेस पॉलच्याच नावाची गिटार बाजारात आणली. तोवर लिओ फेंडर पुढे निघून गेला होता. हा गृहस्थ फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवीत असे आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कदाचित म्हणूनच त्याने वाद्याचा विचार दुरुस्तीवाल्याच्या नजरेने केला. मान स्क्रूने बसवलेली, बिघडली तर काढून दुसरी लावा. १९५० साली त्याची भरीव गिटार आली, तिला पुढे टेलिकास्टर म्हणू लागले. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली, किंमत पन्नास सेंट कमी अडीचशे डॉलर म्हणजे जवळजवळ अडीचशेच धरा.

विजेची गिटार तेव्हा सर्वांना पसंत होती असे मात्र समजू नका. १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत मेळ्यात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो उडाली. काहीजण सांगतात, विजेचा राग होता. काहीजण म्हणतात, गाणे नीट ऐकू येत नव्हते म्हणून. तो वाद अजून मिटलेला नाही. आज त्याच विजेच्या गिटारीला लोक 'खरी' म्हणतात आणि नव्या बहुरूपी गिटारीला 'खोटी' म्हणतात, एवढे ध्यानात असू द्या.

आपल्याकडे ही मांडीवरची गिटार चांगली रुजली. रेडिओवर चित्रपटगीतांच्या धुना तिच्यावर वाजत. ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले; १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबर आणि हरिप्रसादांच्या बासरीबरोबर ती आहे.

आता बहुरूपाकडे येऊ. वर्षे गेली तशी १९५०-६० च्या गिटारींची किंमत भलतीच चढली. १९५९ सालची एखादी लेस पॉल आज काही लाख डॉलरांना जाते. सामान्य वादकाने काय करावे? जपानच्या रोलंड कंपनीने १९७७ साली गिटारला सिंथेसायझर जोडून पाहिला. पण तशा यंत्रांची एक खोड असते. तार कोणता स्वर म्हणते आहे हे यंत्राने आधी ओळखायचे, मग आपला आवाज काढायचा. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, म्हणजे एका आंदोलनाला १२ सहस्रांश सेकंद लागतात. निदान एक आंदोलन पुरे झाल्याशिवाय यंत्राला स्वर कळणार कसा? तेवढी दिरंगाई वादकाच्या बोटांना खुपते.

१९९५ साली त्याच कंपनीने व्हीजी-८ हे यंत्र काढले, आणि त्यात युक्ती बदलली. स्वर ओळखायचाच नाही. तारेचा जो खरा आवाज येतो, त्यालाच गणिताच्या चाळणीतून काढून दुसऱ्या गिटारीचे रूप द्यायचे. अमेरिकेतल्या लाइन ६ या कंपनीने २००२ साली हे सारे गणित गिटारीच्या पोटातच बसवले. ती व्हेरियॅक्स. तिच्या पहिल्या नमुन्यांत चुंबक नव्हताच. प्रत्येक तारेच्या घोडीखाली एकेक स्फटिक. गॅस पेटवायच्या लायटरमध्ये खटका दाबला की ठिणगी पडते ना, तसाच हा प्रकार. स्फटिक दाबला की वीज. सहा तारांच्या सहा वेगळ्या विजा, त्यांचे आकडे होतात, आकड्यांवर हिशेब होतो आणि आवाज बाहेर पडतो. त्यात टेलिकास्टर आहे, लेस पॉल आहे, बॅंजो आहे. आणि हसू नका, सतारही आहे! पण आपली मिरजेची नव्हे. १९६० नंतर तिकडे सतारीची हवा होती, तेव्हा सतारीसारखी झणझणणारी एक विजेची गिटार निघाली होती, तिची ही नक्कल. म्हणजे नकलेची नक्कल.

हा हिशेब कसा असतो, ते शिक्षकांसाठी थोडे सांगतो. तंबोऱ्याची तार छेडली की एकच स्वर निघत नाही. तिच्या दोन, तीन, चार भागांतून वरचे स्वरही उमटतात, आणि जाणत्या कानाला त्यातून गंधार ऐकू येतो. आता चुंबक तारेच्या बरोबर एक चतुर्थांश अंतरावर ठेवला, तर मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर तिथे स्थिर असतो. तो चुंबकाला ऐकूच येत नाही. चुंबक सरकवा, दुसरे स्वर गळतील. दोन गिटारींच्या आवाजांत जो फरक पडतो, त्याचा मोठा भाग अशा जागांचा असतो. अमुक स्वर इतका गाळा, तमुक इतका ठेवा, हे यंत्राला सांगता येते. म्हणून नक्कल जमते, आणि ध्वनिमुद्रणात भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

सोयीही नाकारता येणार नाहीत. रंगमंचावर चार गिटारी बदलायच्या ऐवजी एकीवर भागते. पुढच्या काही नमुन्यांत तर बटण फिरवले की तारा वेगळ्या स्वरांत लावल्यासारख्या ऐकू येतात. खुंटीला हात लावायला नको. चुंबकाच्या वेटोळ्यात घरातल्या दिव्यांची जी गुणगुण शिरते, तीही स्फटिकात शिरत नाही. लाकडाचाही विचार आहे. ब्राझीलच्या शिसवीचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ बंद झाला. त्या लाकडाचा आवाज आकड्यांत मिळत असेल, तर एक झाड वाचले.

पण मास्तरांना मी दुसरी बाजूही सांगितली. बॅटरी संपली की पहिल्या व्हेरियॅक्सचे लाकूड होते. चुंबकाच्या गिटारीला स्वतःची वीज लागत नाही. शिवाय तारा वेगळ्या लावल्याचे सोंग कर्ण्यातून येते, पण रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज हळू ठेवला की खऱ्या तारांचे खरे स्वरही कानावर येतात. दोन्ही एकदम! ज्याचा कान अजून तयार व्हायचा आहे, त्याची त्यात फार पंचाईत होते. माझ्या मते शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा दोष. स्वर लावणे हीच ज्याची पहिली तालीम, त्याला तेच काम यंत्र करून देते.

आणि दुरुस्ती. फेंडरच्या गिटारीत चुंबक, वेटोळे, दोनतीन बटणे आणि एक कपॅसिटर. गावातला रेडिओ दुरुस्त करणारासुद्धा तिला जिवंत करील. १९५४ ची गिटार आजही वाजते. बहुरूपी गिटारीतली चकती जळली आणि कंपनीने तो नमुना बंद केलेला असला, तर कुणाकडे जायचे? संगणक दहा वर्षांत म्हातारा होतो. वाद्य दहा वर्षांत कुठे हाताला वळण घेते.

हा वाद आपल्याला नवा नाही. बंगळूरला १९८० च्या आसपास विजेचा तंबोरा निघाला, आणि आज तो मोबाइलमध्येही सापडतो. खेड्यातल्या मुलीला पहाटे सूर धरायला त्याच्याएवढी सोय नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण मंगळवेढा-पंढरपूरकडचे भोपळे वाळवून मिरजेत जो तंबोरा घडतो, त्याच्या कारागिराचे काय? २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. तरी मानांकनाने गिऱ्हाईक येतेच असे नाही. उलट रेडिओनेही एकदा फार कडक न्याय केला होता. पेटीला मींड काढता येत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, म्हणून १९४० साली तिला आपल्या रेडिओवर बंदी झाली. ती १९७१ साली सैल झाली. तेवढ्या वर्षांत खेड्यापाड्यांतून भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. मास्तरांच्या घरची पेटी त्याच काळातली, त्यांच्या वडिलांची.

तर मास्तरांना मी काय सांगितले? नक्कल हवी असेल तर ती पेटीत ठेवा, लाकडात ठेवू नका. लाइन ६ कंपनीनेच १९९८ साली पॉड नावाचे घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे यंत्र काढले. ते गिटारीचे नव्हे, जुन्या वाल्व्हच्या अॅम्प्लिफायरांचे सोंग घेते. आज तसे काम साध्या संगणकावरही होते. ते जुने झाले तर बदलता येते, आणि गिटार तीच राहते. रोज कार्यक्रम करणाऱ्या वादकाची गोष्ट वेगळी. त्याने बहुरूपी जरूर घ्यावी, त्याची पाठ वाचेल.

मास्तरांनी मुलाला जुनी, चुंबकाची गिटार घेतली. ती घरी आली त्याच आठवड्यात वर्गात नेली, झाकण उघडले आणि नववीच्या मुलांना तारेखालचे वेटोळे दाखवले. मुलाच्या बोटांना अजून घट्टे पडायचे आहेत. आईने तिळाचे तेल लावून दिले आहे, आणि संध्याकाळी पेटीच्या सुराशी तो तारा जुळवीत बसतो.